आठवं वर्ष, पण कोणत्या कालखंडाचं? एका जपानी तलवारीची कालनिश्चिती

सातारा जिल्ह्यातल्या एका घरात दुसऱ्या महायुद्धापासून एक जपानी तलवार आहे. घरातले आजोबा फौजेत सुभेदार होते. १९४५ मध्ये मलायात जपानी सैन्याने शस्त्रं खाली ठेवली तेव्हा ती त्यांच्या वाट्याला आली, असं घरात सांगतात. गोष्ट पटण्यासारखी आहे. आग्नेय आशियातले दोस्तांचे सरसेनापती माउंटबॅटन यांचा आग्रहच होता की जपानी अधिकाऱ्यांनी सर्वांसमक्ष तलवारी काढून द्याव्यात. १२ सप्टेंबर १९४५ ला सिंगापूरला मुख्य शरणागती झाली आणि त्यानंतर शेकडो पाती ब्रिटिश आणि हिंदी अधिकाऱ्यांच्या सामानातून घरोघरी गेली.

सुभेदारांची नात आता टोकियोत राहते. तलवार जपानला न्यावी, तिथल्या कारागिराकडून नीट घासून घ्यावी, अधिकृत प्रमाणपत्र मिळवावं, अशी तिची इच्छा होती. तोवर तिच्यापुढे तीन मतं आली होती. घरातले म्हणत, ‘चारशे वर्षांची सामुराई तलवार.’ जुन्या वस्तू विकत घेणाऱ्या एका व्यापाऱ्याने म्यान पाहूनच सांगितलं की हा युद्धकाळातला कारखान्याचा माल आहे, भंगारापेक्षा थोडं जास्त देतो. जपानी वाचणाऱ्या एका परिचिताने फोटोवरून साल लावलं १५६५. तिन्ही मतं तीन वेगवेगळ्या शतकांची. जुन्या शस्त्रांचा अभ्यास करणारे आम्ही काही जण आणि आमच्या ओळखीचे जपान-युरोपातले संग्राहक यांच्याकडे हे प्रकरण आलं ते इथे.

व्यापाऱ्याला मी लबाड म्हणणार नाही. म्यानावरून त्याने जे ओळखलं ते बरोबरच होतं. त्याने पात्याचं वय मात्र पाहिलंच नाही.

म्यान काय सांगतं

म्यान धातूचं, तपकिरी-हिरवट रंगाचं. मुठीला खरबरीत माशाच्या कातडीवर सुती फीत गुंडाळलेली. पितळी साजावर चेरीची फुलं. हा जपानी लष्कराचा ९८ नमुना, १९३८ चा. जपानी शाही कालगणनेप्रमाणे ते वर्ष २५९८ होतं, त्यातलेच हे ९८. मुठीला लोंबणारा गोंडा तपकिरी आणि निळा होता, म्हणजे लेफ्टनंट ते कॅप्टन या दर्जाच्या अधिकाऱ्याचा. पण गोंडा काढता-घालता येतो, त्यामुळे त्यावर फार भार टाकायचा नसतो.

एवढ्यावरून म्यान आणि मूठ १९३८ ते १९४५ मधली हे ठरलं. पात्याबद्दल काहीच ठरलं नाही, कारण जपानी अधिकारी आपली तलवार स्वतःच्या पैशाने घेत. त्या काळी तीन गोष्टी सर्रास चालत. कोणी कारखान्यातलं नवं पातं घेई, कोणी परंपरेने काम करणाऱ्या समकालीन लोहाराकडून घडवून घेई, आणि कोणी घरातलं वडिलोपार्जित पातं काढून त्याला लष्करी मूठ-म्यान चढवून घेई. बाहेरून तिन्ही सारखीच दिसतात. जमादार-हवालदार दर्जाला मिळणारी सरकारी तलवार (१९३५ चा ९५ नमुना) वेगळी. तिची मूठ ओतीव धातूची असते आणि पात्यावर अनुक्रमांक ठोकलेला असतो. ही ती नव्हती.

हातापुढच्या चकतीच्या दोन्ही बाजूंच्या पितळी वाशरांवर एकच आकडा ठोकलेला होता. तो सगळीकडे जुळत होता, म्हणजे साज एका संचातला होता आणि नंतर कुठून तरी जुळवून आणलेला नव्हता. पुढे याचा उपयोग झाला.

मूठ काढल्यावर

जपानी तलवारीची मूठ कायमची बसवलेली नसते. मुठीत जाणारा पात्याचा भाग, नाकागो, बांबूच्या एका खुंटीने धरलेला असतो. ती काढली की मूठ सरकून हातात येते. कारागिराचं नाव, गाव, साल, सगळं असलं तर या नाकागोवर कोरलेलं असतं. इथे खुंटी आणि मूठ दोन्ही इतकी घट्ट बसली होती की फोटोसाठी एकदा काढेपर्यंत घरात कोणीच ती कधी काढली नव्हती.

हे भाग्यच म्हणायचं. बाहेरच्या पात्यावर दर खंडेनवमीला हळदीकुंकू लागत होतं, आधी राखेने घासून आणि एकदा तर काचपेपरने. कुंकवाच्या ओलाव्याने टोकाकडे गंजाची बारीक भोकं पडली होती आणि काचपेपरने एक तृतीयांश पातं धुरकट करून टाकलं होतं. श्रद्धेने केलेलं काम, त्यात कोणाचा दोष काढावा असं नाही. पण मूठ सैल असती तर नाकागोही त्याच काचपेपरने चकचकीत झाला असता, आणि मग या तलवारीचं वय कोणालाही सांगता आलं नसतं. नाकागोवरचा गंज हा कचरा नसतो. तो शतकानुशतकं साठत जाऊन जो काळपट, गुळगुळीत थर तयार होतो तोच वयाचा पहिला साक्षीदार. घरातल्या एका काकांनी अक्षरं स्पष्ट दिसावीत म्हणून गंज काढायचं औषध आणून ठेवलं होतं. बाटली उघडण्याआधी त्यांचा फोन आला, आणि मी अक्षरशः विनवणी केली.

आम्ही एवढंच केलं: पातळ तेलाने खुंटी भिजू दिली, लाकडी ठोकणीने हलकेच बाहेर काढली, नाकागो कोरड्या कापडाने टिपला. अक्षरांवर बोटाने थोडी टाल्कम पावडर फिरवली, की खाच पांढरी दिसते आणि पृष्ठभाग काळाच राहतो. मग एका बाजूने तिरका उजेड टाकून फोटो. जपानी लोक पातळ कागद ठेवून शाईच्या वडीने ठसा घेतात, तोही घेतला.

दिसलं ते असं. रंग गर्द काळसर-तपकिरी, थर सलग. युद्धकाळातल्या पात्यांचा नाकागो राखाडी असतो आणि त्यावर कानशीच्या रेषा ताज्या, धारदार दिसतात. इथे कानशीच्या रेषा किंचित उतरत्या, झिजून अस्पष्ट झालेल्या. शेवट गोलसर, म्हणजे तो कापून आखूड केलेला नव्हता. सेकी या गावी युद्धकाळात तपासणीचे शिक्के मारत, तसा शिक्का नव्हता. परंपरेने घडवलेल्या लष्करी पात्यावर असतो तो बारीक ताराही नव्हता. रंगाने लिहिलेला एक आकडा मात्र होता, आणि तो वाशरांवरच्या आकड्याशी जुळला. म्हणजे हेच पातं १९३८ नंतर या मुठीत बसवलं गेलं, मधे कोणी बदललेलं नाही.

भोकं दोन होती. एक वरचं, कडा वाकड्यातिकड्या, आत तसाच जुना गंज. दुसरं त्याच्या खाली, अगदी गोल, आतली भिंत सरळ आणि उजळ, म्हणजे ड्रिल मशीनचं. जुना नाकागो आखूड आणि लष्करी मूठ लांब, त्यामुळे खुंटी खाली घ्यावी लागली. युद्धकाळात मूठ बसवणाऱ्या कामगाराने घाईत जिथे सोयीचं होतं तिथे भोक पाडलं. ते पडलं तारखेच्या दुसऱ्या अक्षरावर.

हरवलेलं अक्षर

एका बाजूला कारागिराची ओळ: ‘बिशू ओसाफुने सुकेसादा’. बिशू म्हणजे बिझेन प्रांत, आजच्या ओकायामा प्रीफेक्चरचा भाग; ओसाफुने हे गाव; सुकेसादा हे लोहाराचं नाव. याही बाजूला ड्रिलने गावाच्या नावातलं एक अक्षर चावलं होतं, पण उरलेल्या रेघांवरून आणि संदर्भाने ते वाचता येत होतं. अडचण दुसऱ्या बाजूला होती. तिथे ‘एइ’, मग भोक, मग ‘आठवं वर्ष, आठवा महिना’.

तलवारींवरच्या जपानी तारखांत वर्ष सलग मोजत नाहीत. प्रत्येक कालखंडाला दोन अक्षरांचं नाव असतं आणि वर्षं त्या नावापासून पुन्हा एकपासून सुरू होतात. दुसरं अक्षर गेलं म्हणजे आठवं वर्ष कशाचं ते गेलं. चौदाव्या शतकापासून पुढे ‘एइ’ने सुरू होणारे कालखंड पाच. त्यातले दोन आठव्या वर्षापर्यंत पोचलेच नाहीत. उरले तीन: एइक्यो (१४२९ ते १४४१), एइशो (१५०४ ते १५२१) आणि एइरोकु (१५५८ ते १५७०). म्हणजे तलवार १४३६ ची, १५११ ची किंवा १५६५ ची. आधीच्या परिचिताने यातलं शेवटचं धरलं होतं.

भोकाच्या कडेला काय उरलंय ते आता महत्त्वाचं झालं. एइरोकुचं दुसरं अक्षर डावी-उजवी अशा दोन भागांचं, रेघांनी भरलेलं आहे. ते असतं तर भोकाच्या डाव्या अंगाला आणि खाली उजवीकडे तुटक फटकारे राहायला हवे होते. एइक्योचं अक्षर खाली मध्यभागी वळलेल्या उभ्या रेघेने संपतं. आमच्या ठशात भोकाखाली एकच आडवी रेघ होती, लांब, दोन्ही अंगांना भोकाच्या बाहेर गेलेली, आणि तिच्याखाली काही नाही. एइशोचं अक्षर तळाला अशाच एका लांब आडव्या रेघेवर बसतं. फोटो सरळ उजेडात काढलेला असेल तर ही रेघ गंजात लपते. १५६५ हे वाचन त्यामुळेच झालं असावं.

अक्षराच्या एका रेघेवर शतक ठरवायचं का? एकट्या रेघेवर नाही. पण आकारानेही तेच सांगितलं.

टोकापासून पाठीवरच्या खाचेपर्यंत सरळ रेषेत पातं ६३.२ सेंटिमीटर. नाकागो १६ सेंटिमीटरहून कमी. बाक २ सेंटिमीटर, आणि तो टोकाकडे जास्त. हा सोळाव्या शतकाच्या सुरुवातीचा, एका हाताने चालवायच्या तलवारीचा बांधा आहे. १४६७ ते १४७७ या काळातल्या ओनिन युद्धानंतर जपानभर लढाया पसरल्या, घोडेस्वारांपेक्षा पायदळ वाढलं, आणि कमरेला धार वर ठेवून खोचायची, झटकन उपसायची आखूड तलवार मागणीत आली. एका हातापुरती मूठ, म्हणून नाकागो आखूड. १५६५ च्या आसपास चित्र बदललेलं असतं: पाती पुन्हा ७० सेंटिमीटरच्या पुढे, रुंद, टोक लांबट, नाकागो दोन हातांना पुरेल एवढा. १४३६ साठी हे पातं आणि नाकागो दोन्ही आखूड. अपवाद असतात, एखाद्याने १५६५ मध्येही आखूड तलवार मागवली असेल. पण रेघ आणि बांधा दोघेही एकाच सालाकडे बोट दाखवत असताना अपवादाला धरून बसण्यात अर्थ नाही.

सही खोटी असेल तर? हा प्रश्न जपानी तलवारींत नेहमीच विचारावा लागतो, कारण नामवंत लोहाराचं नाव कोरून किंमत वाढवायचा उद्योग तिथे शतकानुशतकं चालला आहे. इथे दोन गोष्टी पाहिल्या. ड्रिलने अक्षर कापलं आहे, म्हणजे अक्षर ड्रिलच्या आधीचं. यातून ते युद्धाआधीचं एवढंच सिद्ध होतं. अधिक वजनदार गोष्ट ही की छिन्नीच्या खाचांच्या तळाशी गंजाचा रंग आणि थर भोवतालच्या पृष्ठभागासारखाच होता, उजळ किंवा लालसर कुठेच नव्हता. नंतर कोरलेल्या सहीत हे साधत नाही.

पोलाद आणि गाव

काचपेपरने धुरकट झालेल्या भागात काही दिसेना. पण मुठीकडचं पातं वाचलं होतं. साध्या पिवळ्या बल्बखाली पातं तिरकं धरून हळूहळू फिरवलं की धारेला टणक केल्याची सीमारेषा, हामोन, उमटते. युद्धकाळातल्या तेलात विझवलेल्या पात्यांवर ही रेषा एकसुरी असते आणि पात्यावर लाकडाच्या रेषांसारखी घडणावळीची नक्षी दिसत नाही, कारण पोलाद घड्या घालून घडवलेलंच नसतं. इथे नक्षी होती, बारीक आणि घट्ट. हामोनच्या लाटांची टोकं दुभंगलेली होती. संग्राहक याला खेकड्याची नांगी म्हणतात आणि सोळाव्या शतकातल्या ओसाफुनेच्या कामात ती वारंवार भेटते. ज्यांना आम्ही सही न दाखवता फक्त पात्याचे फोटो दाखवले त्यांनीही बिझेन, सोळावं शतक, असंच सांगितलं. ही पद्धत मला फार मोलाची वाटते. सही आधी दाखवली की डोळे तिचंच ऐकतात.

ओसाफुने योशिइ नदीच्या काठी आहे. मागच्या डोंगरांतली लोहवाळू आणि कोळसा, पुढे नदीची वाहतूक, यामुळे ते जपानमधलं सर्वांत मोठं तलवारींचं गाव बनलं. सोळाव्या शतकात तिथे खास मागणीवरचं काम आणि सैन्यासाठी घाऊक काम असं दोन्ही चाले. सहीत हा भेद दिसतो. खास मागणीवर लोहार प्रांताचं पूर्ण नाव, वस्ती आणि स्वतःचं व्यक्तिगत नाव कोरी. घाऊक कामावर फक्त ‘बिशू ओसाफुने सुकेसादा’. सुकेसादा हे नाव त्या गावात अनेक लोहार पिढ्यान्‌पिढ्या लावत होते. १५९० च्या सुमारास योशिइच्या महापुराने ओसाफुने जवळजवळ धुवून नेलं. त्यानंतरही काही घराण्यांनी नाव चालू ठेवलं, पण त्यांच्या सह्या लांबलचक आहेत आणि पात्यांचा बाक कमी आहे.

साल १५११ निघाल्यावर घरात आनंद झाला आणि लगेच एक मोह झाला. सुकेसादांमधला सर्वांत नावाजलेला योसोझाएमोन-नो-जो सुकेसादा नेमका याच काळात काम करत होता. ही त्याची का नसावी? कारण तो स्वतःचं नाव पूर्ण कोरतो, आणि इथे ते नाही. ही त्याच गावातल्या, त्याच वेळच्या, नाव न कळणाऱ्या एका सुकेसादाची तलवार आहे. मला त्यात काही उणं वाटत नाही. युद्धं जिंकणाऱ्या-हरणाऱ्या सामान्य शिपायांच्या हाती अशीच शस्त्रं होती आणि त्यांतली फार थोडी पाचशे वर्षं टिकून, न कापता, तारखेसह उरली आहेत.

दुसरा मोह तारखेचा. एइशोच्या आठव्या वर्षी, आठव्या महिन्याच्या २४ तारखेला क्योतोजवळ फुनाओकायामाची लढाई झाली. महिना तोच! नातीने हे शोधून मला रात्री कळवलं. पण बहुतेक लोहार तारखेत दुसरा किंवा आठवा महिनाच कोरत, तो संकेत होता. त्यावरून पातं त्या महिन्यातच बनलं असंही म्हणता येत नाही, मग लढाईशी नातं जोडणं दूरच. आपल्याकडच्या वाचकाला काळ डोळ्यांसमोर यावा म्हणून एक सांगतो: आदल्या वर्षी गोवा घेतलेल्या पोर्तुगीज अल्बुकर्कने १५११ च्या ऑगस्टमध्ये मलाक्का जिंकलं. ज्या मलायातून सव्वाचारशेहून अधिक वर्षांनी ही तलवार साताऱ्याला आली, तिथेच.

साल ठरलं, आणि तलवार अडकली

नातीच्या मूळ प्रश्नाला मात्र या उत्तराने वेगळंच वळण दिलं. व्यापारी म्हणत होता तसं हे कारखान्याचं पातं असतं तर शंभर वर्षं पुरी झालेली नसल्याने पुरावस्तू नसल्याचा दाखला घेऊन ते भारताबाहेर नेता आलं असतं. पण जपानने ते घेतलं नसतं. तिथल्या १९५८ च्या कायद्याप्रमाणे नोंदणी होते ती परंपरागत पद्धतीने घडवलेल्या, कलामूल्य असलेल्या पात्यांची. युद्धकाळातली कारखानी पाती त्यात बसत नाहीत आणि नोंदणीविना तलवार बाळगता येत नाही.

१५११ चं पातं जपान आनंदाने नोंदवेल. पण पुरावस्तू आणि कलानिधी अधिनियम, १९७२ प्रमाणे शंभर वर्षांवरची अशी ऐतिहासिक वस्तू खाजगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही, ती मूळ कुठल्या देशात घडली याने फरक पडत नाही. आणि प्रमाणपत्र देणारी टोकियोची संस्था, १९४८ मध्ये स्थापन झालेली निप्पोन बिजुत्सु तोकेन होझोन क्योकाई, पातं प्रत्यक्ष हाती घेतल्याशिवाय मत देत नाही. फोटोवरून नाहीच. म्हणजे जिथे प्रमाणपत्र मिळतं तिथे तलवार जाऊ शकत नाही. मला हे मनापासून सलतं, पण आडवाटेने सामानात घालून नेण्याचा सल्ला ज्यांनी तिला दिला त्यांचं तिने ऐकलं नाही हे चांगलं केलं. पकडली गेली असती तर तलवारही गेली असती. घरात तलवार ठेवण्याबाबत शस्त्र कायद्याचं काय, हेही कुटुंबाने जिल्हा पातळीवर लेखी विचारलं आहे.

घासणीचा विषयही तिथेच थांबवला. प्रत्येक घासणीत पोलाद कमी होतं, आणि ते काम वर्षानुवर्षं शिकलेल्या जपानी कारागिराचं. इथल्या धार लावणाऱ्याकडे किंवा बफिंग मशीनवर दिलं तर पातं एका दुपारी संपेल. सध्या पात्याला हलक्या तेलाचा पुसट हात, नाकागो पूर्ण कोरडा, आणि म्यान-मूठ जशी आहे तशीच. १९३८ नंतरचा साजही या तलवारीच्या इतिहासाचा भाग आहे, ‘मूळ’ रूप द्यायच्या नादात तो फेकायचा नाही. खंडेनवमीची पूजा चालू राहील, कुंकू म्यानाला लागेल. काकांनी गंज काढायची बाटली स्वतःच देऊन टाकली.

कुटुंबाकडे ठसे आणि फोटोंसोबत जी नोंद ठेवली ती अशी: एका हाताची तलवार, ६३.२ सेंटिमीटर, नाकागो मूळ लांबीचा, दोन भोकं, एक युद्धकाळातलं, सही बिशू ओसाफुने सुकेसादा, अस्सल मानण्याजोगी, व्यक्ती अनिश्चित, तारीख एइशो ८, म्हणजे १५११, दुसरं अक्षर खंडित, वाचन तळाच्या रेघेवरून आणि बांध्यावरून, टोकाकडचा हामोन काचपेपरमुळे तपासता आला नाही. शेवटचं कलम मुद्दाम घातलं. टोकाच्या आत हामोन कसा वळतो हे ज्या दिवशी कोणी जाणकार स्वच्छ पाहील, त्या दिवशी आमचं मत पक्कं होईल किंवा बदलावं लागेल.